खडकावरची गोगलगाय आणि जहाजाचा रंग

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला प्लिमथ हे जुने बंदर आहे. तेथील खडकांवर राहणाऱ्या एका लहानशा समुद्री गोगलगायीविषयी १९७० साली स्टीफन ब्लेबर या अभ्यासकाने एक चमत्कारिक नोंद प्रसिद्ध केली. या जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. नराचे शिश्न डोक्याजवळ, उजव्या शृंगिकेच्या मागे असते. ब्लेबर यांना काही माद्यांमध्येही नेमक्या त्याच जागी शिश्नासारखा उंचवटा वाढलेला दिसला. असे का व्हावे, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नाही.

ही बाब किरकोळ वाटेल. परंतु तिच्या मागावर निघालेले संशोधन पुढे थेट जहाजांच्या बुडाला लावायच्या रंगापर्यंत जाऊन पोहोचले आणि अखेर जगातील सर्व व्यापारी जहाजांना लागू पडेल असा एक आंतरराष्ट्रीय करार झाला. हे घडले कसे, ते समजून घेण्यासाठी आधी त्या गोगलगायीची ओळख करून घेऊ.

लहानसा खडा

या गोगलगायीचे शास्त्रीय नाव नुसेला लॅपिलस. इंग्रजीत तिला डॉग व्हेल्क म्हणतात. लॅटिनमध्ये ‘लॅपिलस’ म्हणजे लहानसा खडा, आणि ओहोटीच्या वेळी खडकाच्या फटीत अंग चोरून बसलेली ही गोगलगाय खरोखरच खड्यासारखी दिसते. शंखाची लांबी साधारण ३ सेंटिमीटर. रंग बहुधा पांढरट. पण पिवळे, तपकिरी आणि पट्ट्यापट्ट्यांचे शंखही आढळतात. पोर्तुगालपासून नॉर्वेपर्यंतचा युरोपचा किनारा, ब्रिटिश बेटे, आइसलंड आणि अटलांटिकच्या पलीकडे कॅनडा व अमेरिकेचा ईशान्य किनारा हा तिचा प्रदेश. भरतीला पाण्याखाली जाणारे आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक हे तिचे घर.

म्युरिसिडी या कुळातील ही गोगलगाय आहे. प्राचीन काळी भूमध्य समुद्राच्या काठी राजेलोकांच्या वस्त्रांसाठी जांभळा रंग काढीत, तो याच कुळातील गोगलगायींपासून. नुसेलाच्या अंगातही तशी ग्रंथी असते. तिच्यातील पांढरट स्राव कापडाला लावून उन्हात धरला की तो आधी हिरवा, मग निळसर आणि शेवटी जांभळा होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा जांभळा रंग म्हणजे निळीचा चुलतभाऊच. निळीच्या रेणूतील दोन हायड्रोजन अणूंच्या जागी ब्रोमीनचे दोन अणू बसले की तो तयार होतो.

भोक पाडण्याचे कसब

आपल्या बागेतील गोगलगायी पाने खातात. नुसेला मात्र पक्की मांसाहारी आहे. खडकांना घट्ट चिकटून राहणारे बार्नॅकल आणि शिंपले हे तिचे भक्ष्य. दोघेही कठीण कवचात बंद असतात. मग आत शिरायचे कसे?

तिच्याकडे दोन हत्यारे आहेत. पहिले म्हणजे रेड्युला, म्हणजे दातांच्या ओळी असलेली फितीसारखी जीभ. लोहाराच्या कानशीप्रमाणे ती कवचावर घासली जाते. परंतु नुसत्या घासण्याने कवच लवकर झिजत नाही. म्हणून दुसरे हत्यार. गोगलगायीच्या पायाच्या तळव्यात एक लहान अवयव असतो. भोकाच्या जागी तो टेकवून ती आम्लयुक्त स्राव सोडते. कवचातील कॅल्शियम कार्बोनेट त्याने मऊ पडते. मग पुन्हा रेड्युला, पुन्हा स्राव, असे आळीपाळीने काम चालते. एका शिंपल्याला आरपार भोक पाडायला एक-दोन दिवसही लागू शकतात. भोक पडले की त्यातून सोंड आत घालायची, पाचकरस सोडायचे आणि विरघळलेले मांस शोषून घ्यायचे.

शिंपलेही अगदीच मुकाट्याने मरत नाहीत. खडकाला धरून राहण्यासाठी ते चिवट धागे तयार करतात. जवळ आलेल्या गोगलगायीला कित्येकदा ते याच धाग्यांनी जखडून टाकतात. अशी बांधली गेलेली गोगलगाय उपासमारीने मरते.

भोक पाडणाऱ्या गोगलगायी आपल्याकडेही आहेत. कोकणच्या कोणत्याही पुळणीवर मूठभर शिंपले उचलले तर एखाद-दुसऱ्यात नीटस गोल भोक सापडते. मुले त्यात दोरा ओवून माळाही करतात. हे भोक वाळूने किंवा लाटेने पडलेले नसते. ते शिकाऱ्याने पाडलेले असते. वर्गासाठी एक सोपा उपक्रम सुचवावासा वाटतो. एकाच जातीचे शंभर सुटे शिंपले गोळा करा. त्यांपैकी किती भोकाचे आहेत ते मोजा. भोक शिंपल्याच्या कोणत्या भागात आहे याची आकृती काढा. भोकाची कडही पाहा. बाहेर रुंद आणि आत निमुळते, बशीसारखे उतरते भोक असेल तर ते बहुधा वाळूत राहणाऱ्या नॅटिका गटातील गोगलगायीचे. कड सरळ उभी असेल तर म्युरिसिडी कुळातील गोगलगायीचे. भोके कोठेही पडलेली आहेत की ठरावीक जागीच, आणि तसे का असावे, यावर मुलांना विचार करू द्या.

घर न सोडणारी पिल्ले

समुद्रातील बहुतेक गोगलगायींची पिल्ले सुरुवातीचा काही काळ पाण्यात तरंगत, प्रवाहाबरोबर दूरदूर जातात. नुसेलाचे तसे नाही. मादी खडकाच्या फटीत गव्हाच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या पिवळसर कुप्या चिकटवते. एकेका कुपीत काहीशे अंडी असतात. पण त्यांतून पंचवीस-तीसच पिल्ले बाहेर येतात. बाकीची अंडी फळत नाहीत. ती वाढणाऱ्या पिल्लांचा शिधा असतो! सुमारे चार महिन्यांनी पिल्ले कुपीतून बाहेर पडतात ती थेट रांगतच.

याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. जन्मलेली गोगलगाय आपल्या आयुष्यात फार तर काही मीटर सरकते. त्यामुळे प्रत्येक खडकाळ टप्प्यावरची वस्ती जवळजवळ स्वतंत्र असते. एका ठिकाणची वस्ती नष्ट झाली तर तेथे पुन्हा नवी गोगलगाय येण्यास अनेक वर्षे लागतात. मात्र याच गुणामुळे ती शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली. एखादा मासा आजारी दिसला तर त्याने विष कोठे घेतले हे सांगता येत नाही. नुसेलाच्या अंगात काही बिघाड दिसला तर त्याचे कारण तिच्या खडकाजवळच शोधावे लागते.

आजूबाजूच्या परिस्थितीचा ठसा तिच्या शंखावरही उमटतो. लाटांचा मारा असलेल्या उघड्या किनाऱ्यावर शंख आखूड आणि पातळ, पण त्याचे तोंड रुंद असते. मोठ्या तोंडातून मोठा पाय बाहेर येतो आणि खडकाला घट्ट धरतो. शांत खाडीत लाटांची भीती नसते, पण खेकड्यांची असते. तेथे शंख जाड, लांबट आणि अरुंद तोंडाचा असतो. यातला काही भाग आनुवंशिक असला तरी सगळा नाही. खेकड्याचा आणि चिरडलेल्या गोगलगायींचा वास असलेल्या पाण्यात वाढवल्यास शंख अधिक जाड होतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रसायनांच्या खुणा ही गोगलगाय सतत वाचत असते. पुढील कथेत ही गोष्ट महत्त्वाची आहे.

जहाजाच्या बुडाची कटकट

आता थोडे जहाजांकडे वळू. समुद्रात कोणतीही वस्तू ठेवली की तिच्यावर शेवाळ, बार्नॅकल, शिंपले असे जीव वस्ती करतात. जहाजाचे बूड असे खरबरीत झाले की पाण्याचा विरोध वाढतो, वेग कमी होतो आणि इंधन जास्त जळते. त्यामुळे बूड स्वच्छ ठेवणे हा दर्यावर्दींपुढचा जुना प्रश्न आहे. पूर्वी लाकडी जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकीत, नंतर तांब्याचे क्षार मिसळलेले रंग आले.

१९५० च्या दशकात हॉलंडमधील संशोधनातून असे दिसून आले, की कथिलाची काही सेंद्रिय संयुगे जीवांना अत्यंत मारक असतात. त्यांपैकी एक ट्रायब्यूटिलटिन, थोडक्यात टीबीटी. कथिलाच्या एका अणूला चार-चार कार्बनच्या तीन साखळ्या जोडल्या की हे संयुग बनते. बिल्हार्झिया या रोगाचे जंतू गोड्या पाण्यातील गोगलगायींमध्ये वाढतात. त्या गोगलगायी मारण्यासाठीही अशी संयुगे वापरून पाहण्यात आली. म्हणजे गोगलगायींना हे विष बाधते, याची कल्पना आधीपासून होती!

१९६० च्या दशकात टीबीटी जहाजांच्या रंगात आले. १९७० च्या दशकात त्यात आणखी सुधारणा झाली. नव्या रंगात टीबीटी रंगाच्या बहुवारिकालाच जोडलेले असे. समुद्राच्या पाण्याने वरचा पातळ थर हळूहळू सुटत जाई आणि खालचा ताजा थर उघडा पडे. एकदा रंग दिला की पाच वर्षांपर्यंत बूड स्वच्छ. इंधनाची मोठी बचत होऊ लागली. हा रंग लोकप्रिय झाला यात नवल नाही.

पहिला मोठा इशारा फ्रान्समधून मिळाला. आर्काशाँच्या उपसागरात कालवांची मोठी शेती होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे कालवांची पिल्ले जगेनाशी झाली. मोठ्या कालवांची कवचे बेढब जाड होऊ लागली, आत मांस मात्र थोडे. याच उपसागरात सहलीच्या होड्यांची गर्दी होती आणि त्यांना टीबीटीचे रंग लावलेले होते. १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान होड्यांवर हे रंग वापरण्यास बंदी केली. त्यानंतर कालवांची पैदास सुधारली.

माद्यांना काय झाले?

अमेरिकेतील कनेटिकटच्या किनाऱ्यावरही एका वेगळ्या जातीच्या गोगलगायीत माद्यांना शिश्न आल्याचे आढळले होते. तेथील संशोधक स्मिथ यांनी १९७१ मध्ये या विकृतीला ‘इम्पोसेक्स’ असे नाव दिले. मादीवर नराची लक्षणे लादली जाणे, असा त्याचा अर्थ. १९८१ मध्ये त्यांनी तिचा संबंध टीबीटीच्या रंगांशी जोडून दाखवला.

प्लिमथच्या मरीन बायोलॉजिकल असोसिएशनमधील ब्रायन, गिब्ज आणि त्यांचे सहकारी यांनी नुसेलाचा सविस्तर अभ्यास केला आणि १९८६ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही विकृती टप्प्याटप्प्याने वाढते, असे त्यांना आढळले. आधी मादीत शिश्नाचा कोंब आणि रेतवाहिनीचा भाग दिसू लागतो. या टप्प्यात मादी अंडी घालू शकते. पुढे रेतवाहिनीच्या पेशी वाढत वाढत जननद्वारावरच पसरतात आणि ते बुजून जाते. अंड्यांच्या कुप्या तयार होत राहतात, पण बाहेर पडायला वाटच नसते. त्या आतल्या आत साठतात. मादी वांझ तर होतेच, पण शेवटी अंग फुटून मरते. एकदा झालेला हा बदल मागे फिरत नाही.

आणि यासाठी विष किती लागते? एका लिटर पाण्यात १ नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक अब्जांश भाग एवढ्या टीबीटीनेही विकृतीला सुरुवात होते. काही नॅनोग्रॅम झाले की माद्या वांझ होऊ लागतात. हे प्रमाण मुलांना समजावून देण्यासाठी असा हिशेब करता येईल. १ किलोमीटर लांब, २०० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल असा तलाव घ्या. त्यात १०,००,००० घनमीटर, म्हणजे १ अब्ज लिटर पाणी मावते. या सगळ्या पाण्यात १ ग्रॅम टीबीटी सारखे मिसळले की प्रमाण झाले लिटरला १ नॅनोग्रॅम. शिवाय गोगलगायीच्या शरीरात ते साठत जाऊन पाण्याच्या हजारो पट होते.

पुरावा कसा जमला?

दोन गोष्टी एकाच ठिकाणी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे आपण वर्गात सांगतो. येथे संशोधकांनी काय केले ते म्हणूनच पाहण्यासारखे आहे.

पहिली पायरी निरीक्षणाची. बंदरे आणि होड्यांचे तळ यांच्याजवळ विकृती जास्त, उघड्या किनाऱ्यावर कमी, असा नकाशा तयार झाला. बंदरांजवळच्या वस्त्यांत माद्या कमी होत्या, कुप्या व पिल्ले दुर्मिळ होती. काही वस्त्या तर नाहीशाच झाल्या होत्या. दुसरी पायरी काळाची. विकृतीची वाढ टीबीटीचे रंग वापरात आल्यानंतरची होती. तिसरी पायरी स्थलांतराची. स्वच्छ किनाऱ्यावरच्या गोगलगायी दूषित जागी नेऊन ठेवल्या. त्यांच्यात विकृती वाढली. चौथी पायरी प्रयोगशाळेची. स्वच्छ पाण्यात टीबीटी मोजून मिसळले, तेव्हा तीच विकृती निर्माण झाली. या चारही पायऱ्या एकाच दिशेने गेल्या, म्हणून निष्कर्ष भक्कम ठरला.

हे नेमके घडते कसे, याचे उत्तर मिळायला मात्र आणखी काळ लागला. टीबीटीमुळे नर संप्रेरकांचे मादी संप्रेरकांत होणारे रूपांतर अडते, असा आधी तर्क होता. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी एका दुसऱ्या खडकाळ गोगलगायीवर काम करून दाखवले, की टीबीटी पेशीतील रेटिनॉइड एक्स या ग्राहक प्रथिनाला जाऊन चिकटते. या कुलुपाची नैसर्गिक किल्ली म्हणजे अ जीवनसत्त्वापासून बनणारे एक आम्ल. ते टोचले तरी माद्यांत शिश्न वाढते. नुसेलातही पुढे असेच आढळले. म्हणजे टीबीटी ही खोटी किल्ली आहे. हेच प्रथिन माणसासह सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांतही असते, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

बंदी आणि त्यानंतर

ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान होड्यांसाठी टीबीटीच्या रंगांवर बंदी घातली. मोठी जहाजे तेवढी सुटली. त्यांच्यासाठी सर्व देशांचे एकमत आवश्यक होते. ऑक्टोबर २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने करार संमत केला आणि १७ सप्टेंबर २००८ पासून तो अंमलात आला. ब्लेबर यांच्या नोंदीला तोवर अडतीस वर्षे झाली होती.

बंदीचा परिणाम पुन्हा नुसेलानेच दाखवला. ब्रिटिश किनाऱ्यावर विकृतीचे प्रमाण उतरत गेले आणि ओस पडलेल्या अनेक खडकांवर गोगलगायी परतल्या. अर्थात सावकाश, कारण त्यांना रांगतच यायचे होते. गाळात दबलेले टीबीटी प्राणवायूच्या अभावी वर्षानुवर्षे टिकते आणि बंदरातील गाळ उपसताना पुन्हा पाण्यात मिसळते. त्यामुळे जुने डाग पुसले जायला वेळ लागतो.

यातला एक प्रकार तर उत्क्रांतीच्या धड्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमधील केंट परगण्यात डम्पटन गॅप या ठिकाणी, दूषित भागात असूनही एक वस्ती टिकून राहिली होती. तेथील काही नरांमध्ये शिश्नाची वाढच नीट होत नसे. हा आनुवंशिक दोष होता. परंतु हाच दोष असलेल्या माद्यांत टीबीटीमुळेही शिश्न आणि रेतवाहिनी पुरती वाढत नसे. त्यांचे जननद्वार मोकळे राही आणि त्यांना अंडी घालता येत. स्वच्छ पाण्यात जो दोष ठरला असता, तो विषारी पाण्यात वस्तीला तारून गेला.

आपल्या किनाऱ्यावर

नुसेला आपल्या समुद्रात नाही, पण तिची भावंडे आहेत. कोकणचे नाव धारण करणारी क्रोनिया कोंकणेन्सिस ही त्याच म्युरिसिडी कुळातील. या गोगलगायीत इम्पोसेक्स आढळल्याची नोंद गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. मुंबई, न्हावा-शेवा, मुरगाव अशी गजबजलेली बंदरे असलेल्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. २०१४ मध्ये भारतीय संसदेने जहाज वाहतुकीच्या कायद्यात दुरुस्ती करून घातक रंगांच्या नियंत्रणाची तरतूद केली.

टीबीटी गेल्यावर पुन्हा तांब्याचे रंग आले. त्यांच्या जोडीला शेवाळ मारणारी नवी रसायने आली. त्यांपैकी सायब्युट्रिन हे समुद्रातील वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात अडथळा आणते असे दिसून आले आणि जानेवारी २०२३ पासून त्याच करारान्वये तेही बंद झाले. बूड स्वच्छ ठेवण्याची गरज तर राहणारच. जहाज जास्त इंधन जाळू लागले तर त्याचाही तोटा निसर्गालाच. म्हणून आता जीवांना न मारता नुसते घसरवून टाकणाऱ्या गुळगुळीत सिलिकोन लेपांवर भर दिला जात आहे.

नव्या रसायनाची परीक्षा घेताना आपण बहुधा ‘किती मात्रेने प्राणी मरतो?’ एवढेच विचारतो. टीबीटीच्या एका नॅनोग्रॅमने नुसेला मेली नाही. ती चालत होती, खात होती, भोके पाडीत होती. फक्त तिच्या पुढच्या पिढ्या जन्माला येत नव्हत्या. हे लक्षात आले, कारण कोणीतरी खडकावर बसून एकेक गोगलगाय उलटी करून पाहिली, नर किती, मादी किती ते मोजले, आणि जे विचित्र दिसले ते कारण ठाऊक नसतानाही लिहून ठेवले. कोकणातील शाळांच्या अंगणापासून असे खडक फार दूर नाहीत. तेथे दर वर्षी एकाच जागी, एकाच महिन्यात, ओहोटीच्या वेळी कोणत्या गोगलगायी किती आहेत याची वही ठेवता येईल. पाच-दहा वर्षांची अशी वही कोणत्याही संशोधकाला मोलाची वाटेल.